आधी कोण, मग कोण : नोत्र दामच्या उभारणीची गोष्ट

१५ एप्रिल २०१९, पवित्र सप्ताहातला सोमवार. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये सायंप्रार्थना चालू होती. सव्वासहाच्या सुमारास आगीची सूचना देणाऱ्या यंत्रणेने इशारा दिला. यंत्र चुकलं नव्हतं. पण तो इशारा पडद्यावर वाचणारा आणि वर जाऊन पाहणारा या दोघांच्या मध्ये कुठेतरी जागा बदलली. पाहायला गेलेला माणूस चढला तो शेजारच्या सॅक्रिस्टीच्या माळ्यावर. धर्मगुरूंची वस्त्रं आणि पूजासाहित्य ठेवण्याची ही वेगळी इमारत. तिथे काहीच नव्हतं. गफलत लक्षात आल्यावर मुख्य छताखालच्या माळ्यापर्यंतचा अरुंद जिना चढायचा होता. तिथे पोहोचेपर्यंत आठशे वर्षांच्या ओकच्या तुळया पेटल्या होत्या. अग्निशमन दलाला फोन गेला तेव्हा ६ वाजून ५१ मिनिटं झाली होती.

हा अर्धा तास नोत्र दामला फार महाग पडला. आठच्या आत ९६ मीटर उंचीचं टोकदार शिखर मोडून खालच्या कमानदार दगडी छतावर कोसळलं. ‘अरण्य’ म्हणून ओळखली जाणारी, जवळपास १०० मीटर लांबीची लाकडी कैच्यांची रांग जळून गेली. छतावरचं आणि शिखरावरचं शेकडो टन शिसं वितळलं.

पण त्याच रात्री उलटी गोष्टही घडली. आग उत्तरेच्या मनोऱ्यात शिरली होती. तिथे प्रचंड घंटा लाकडी सांगाड्यावर टांगलेल्या. सांगाडा जळाला असता तर घंटा खाली आल्या असत्या, मनोरा ढासळला असता आणि त्याच्यामागोमाग बहुधा सगळी वास्तू. पॅरिस अग्निशमन दलाचे प्रमुख जनरल जाँ-क्लोद गाले यांनी जवानांना त्या मनोऱ्यात पाठवण्याचा निर्णय घेतला. चारशेहून अधिक जवान कामाला होते. एक तुकडी आगीशी झुंजत होती, दुसरी पाणी वर चढवत होती, तिसरी आतल्या मौल्यवान वस्तू बाहेर काढत होती. येशूचा मानला जाणारा काट्यांचा मुकुट वाचला. मोठा ऑर्गन वाचला. दोन्ही मनोरे उभे राहिले.

एकाच संध्याकाळी, एकाच इमारतीत दोन अनुभव आले. माणसं एकमेकांपर्यंत नीट पोहोचली नाहीत तेव्हा छत गेलं. नीट पोहोचली तेव्हा भिंती राहिल्या. पुढच्या साडेपाच वर्षांत नोत्र दाम पुन्हा उभं राहिलं. त्याबद्दल लिहिताना बहुतेकांनी कुऱ्हाडीने लाकूड तासणारे सुतार आणि टाकी चालवणारे पाथरवट यांचं कौतुक केलं. ते योग्यच आहे. पण सुमारे २५० कंपन्या आणि कार्यशाळा आणि २,००० माणसं एका वास्तूत काम करतात, तेव्हा कौशल्याइतकाच एक प्रश्न निर्णायक ठरतो: आधी कोण आणि मग कोण? कोणी कोणासाठी थांबायचं? नोत्र दामचं खरं यश मला या प्रश्नाच्या उत्तरात दिसतं.

दोन यजमान

१९०५च्या कायद्याने फ्रान्समध्ये राज्यसंस्था आणि चर्च वेगळी झाली. तेव्हापासून नोत्र दामची वास्तू सरकारच्या मालकीची आहे आणि उपासनेसाठी तिचा वापर करण्याचा हक्क कॅथलिक चर्चचा आहे. म्हणजे या कामाला यजमान दोन. दगड, छत, शिखर, काचा यांचा निर्णय सरकारी वारसाविभागाचा. वेदी, आसनं, भाविकांचा फिरण्याचा मार्ग, कुठली मूर्ती कुठल्या उपवेदीपाशी हे पॅरिस धर्मप्रांताने आखायचं, पण त्यालाही राष्ट्रीय वारसा आणि वास्तुकला आयोगाची मान्यता हवी. दिवे आणि ध्वनियंत्रणा तर नेमक्या या सीमारेषेवर येतात. वायर जाते ती सरकारच्या दगडावरून आणि तिच्यातून येणारा शब्द असतो उपासनेचा.

आग लागली त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी पाच वर्षांत कॅथेड्रल पुन्हा उभारू असं जाहीर केलं. तज्ज्ञांपैकी अनेकांना ही मुदत अशक्य वाटली. २९ जुलै २०१९ला खास कायदा झाला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये केवळ या एका कामासाठी स्वतंत्र सार्वजनिक संस्था सुरू झाली. तिच्या प्रमुखपदी आले जनरल जाँ-लुई जॉर्जलँ, फ्रान्सचे माजी सरसेनाध्यक्ष. वास्तुरचनेची जबाबदारी ऐतिहासिक स्मारकांचे मुख्य वास्तुविशारद फिलिप व्हिल्नव्ह यांच्यावर आणि त्यांच्यासोबत पास्कल प्रुने व रेमी फ्रोमाँ.

जनरल आणि वास्तुविशारद या दोन बाजूंचं पहिल्या दिवसापासून जमलं, असं मुळीच नाही. शिखर जसं होतं तसंच बांधायचं की आजच्या काळाचं नवं, यावर देशभर वाद चालू होता. व्हिल्नव्ह जुन्याच रूपावर ठाम होते. नवं शिखर बांधायचं असेल तर आपण राजीनामा देऊ, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. त्यावर जनरलसाहेबांनी संसदीय समितीपुढेच, वास्तुविशारदांनी तोंड बंद ठेवावं, अशा अर्थाचे कडक शब्द वापरले. २०१९च्या नोव्हेंबरमधल्या या प्रसंगाची देशभर चर्चा झाली.

पुढे जे झालं ते शिकण्यासारखं आहे. २०२०च्या जुलैमध्ये राष्ट्रीय आयोगापुढे सगळा अभ्यास ठेवला गेला. एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक यांनी उभारलेलं शिखर, मध्ययुगीन लाकडी सांगाडा, शिशाचं छत हे सगळं होतं तसंच करावं, यावर आयोगाने एकमताने शिक्कामोर्तब केलं. राष्ट्राध्यक्षांनी ते मान्य केलं आणि वाद तिथे संपला. त्यानंतर जनरल आणि वास्तुविशारद एकाच दिशेने चालले. काम सुरू होण्याआधी मूळ प्रश्नाचा निकाल लावला गेला आणि एकदा लागलेला निकाल पुन्हा उकरून काढला गेला नाही. पाच वर्षांच्या मुदतीतलं पहिलं वर्ष यात गेलं असं वाटू शकेल, पण पुढची चार वर्षं त्यामुळेच वाचली.

बांधण्याआधी उतरवणं

पहिली दोन वर्षं नोत्र दाममध्ये नवं असं काहीच उभं राहिलं नाही. आगीच्या वेळी शिखराच्या दुरुस्तीसाठी परांची बांधलेली होती. तिच्या सुमारे ४०,००० नळ्या आगीत वेड्यावाकड्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. ते ओझं जखमी भिंतींवर टेकलं होतं. एखादी नळी चुकीच्या क्रमाने कापली तर सगळी परांची आत कोसळण्याची भीती होती. म्हणून आधी तिच्याभोवती लोखंडी पट्टे आवळले, शेजारी दुसरी परांची उभारली, मग दोरावर लटकून काम करणारे कुशल कामगार त्या जळक्या नळ्यांच्या जंजाळात उतरले आणि एकेक तुकडा कापत गेले. जूनमध्ये सुरू झालेलं हे काम २०२० सालच्या नोव्हेंबरअखेर संपलं. तोवर नवं काही उभारणाऱ्यांनी वाट पाहिली.

बाहेरच्या २८ आधारकमानींखाली लाकडी सेंटरिंग बसवलं गेलं. छताचा भार गेल्यामुळे त्या कमानी आता भिंतींना आतल्या बाजूला ढकलू लागतील, अशी शंका होती. आत जमिनीवर जळकी लाकडं, तुटलेले दगड, वितळलेला धातू यांचा ढीग होता. डोक्यावरचं छत कधी ढासळेल सांगता येत नव्हतं, म्हणून सुरुवातीला तो दूरनियंत्रित यंत्रांनी उचलला. पण राडारोडा म्हणून फेकला नाही. प्रत्येक तुकड्याची नोंद झाली, छायाचित्र निघालं, पडल्याची जागा लिहिली गेली. पुरातत्त्वज्ञ आणि स्मारक संशोधन प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ सफाईच्या कामात पहिल्या दिवसापासून होते. त्यातूनच नंतर कळलं की बाराव्या शतकात बांधकाम सुरू झालं तेव्हापासूनच इथे दगडांना दगड जोडण्यासाठी लोखंडी आकडे वापरले गेले होते. गॉथिक वास्तूंमध्ये लोखंडाच्या अशा वापराचं हे आजवर माहीत असलेलं सर्वात जुनं उदाहरण. आधी सफाई आणि मग संशोधन असा क्रम ठेवला असता, तर हे ज्ञान कचऱ्याच्या गाडीतून गेलं असतं.

शिशाच्या धुळीने आणखी एक शिस्त लादली. २०१९च्या जुलैअखेर सुरक्षिततेच्या कारणावरून काम काही आठवडे बंद ठेवावं लागलं. नंतरचा नियम असा: आत जाताना सगळे कपडे उतरवून एकदाच वापरायचा पोशाख घालायचा आणि बाहेर येताना, अगदी जेवायच्या सुट्टीलासुद्धा, अंघोळ करूनच यायचं. सुतार असो, वास्तुविशारद असो की मंत्री, सर्वांना हाच नियम. दिवसातला किती वेळ यात जाई, ते वेळापत्रक आखणाऱ्यांना धरावंच लागे. मग २०२०च्या मार्चमध्ये करोना आला आणि जागा पुन्हा काही आठवडे रिकामी झाली.

एका चौकातली रांग

वास्तूच्या मध्यभागी, लांब दालन आणि आडवा खण जिथे एकमेकांना छेदतात, तो चौक म्हणजे या साऱ्या कामाची सर्वात अवघड जागा. शिखर तिथेच कोसळलं होतं, नवं तिथेच उभं राहायचं होतं. त्यासाठी १०० मीटर उंचीची, सुमारे ६०० टन वजनाची परांची लागणार होती. तिचा भार जमिनीवर येणार, म्हणजे तो येण्याआधी जमिनीखाली काय आहे ते पाहायला हवं. फ्रान्सची पुरातत्त्व संस्था २०२२च्या फेब्रुवारीत चौकात उतरली. दिलेला वेळ मोजका होता आणि परांचीसाठी लागणार होतं तेवढ्याच खोलीपर्यंत खणायचं होतं. फरशी उचलली आणि खाली तेराव्या शतकातल्या, वेदीपुढच्या दगडी आडपडद्याचे शिल्पखंड सापडले. अठराव्या शतकात तो पाडला गेला होता. मूर्तींवरचे रंग अजून टिकून होते. शिशाच्या दोन शवपेट्याही सापडल्या. पुरातत्त्वज्ञांनी आणखी काही आठवडे मागितले आणि ते मिळाले. परांचीवाले थांबले. मग पुरातत्त्वज्ञ बाजूला झाले आणि परांची चढू लागली.

दोन्ही बाजूंचं काम महत्त्वाचं, दोघांचीही मागणी न्याय्य आणि जागा मात्र एकच. अशा वेळी दोघांनाही मान्य होणारी तारीख ठरवणं, तिच्यात थोडी सवड ठेवणं आणि सवड संपली की ठामपणे ‘आता पुढचा’ म्हणणं हे कोणाच्या तरी अधिकारात असावं लागतं. जनरल जॉर्जलँ यांच्या संस्थेचं मोल इथे कळतं. पैसा, कंत्राटं, सुरक्षा, वेळापत्रक हे सगळं एकाच छत्राखाली होतं. एका खात्याची सही दुसऱ्या खात्याच्या टेबलावर अडकून राहिली नाही.

लाकडाचं काम तर पॅरिसबाहेर आधीच सुरू झालं होतं. सुमारे २,००० ओक लागणार होते. पहिले वृक्ष २०२१च्या सुरुवातीला तोडले. सरकारी आणि खासगी जंगलांतून, देशाच्या कानाकोपऱ्यांतून ते आले. झाडाच्या अंगात रस चढण्याआधीच ते तोडायला हवेत, म्हणजे निसर्गाची मुदत वेगळी आणि मंत्रालयाची वेगळी. दालनाच्या छताचा सांगाडा मध्ययुगीन पद्धतीने, ओल्या ओकवर कुऱ्हाड चालवून तासायचा होता. त्यासाठी जुन्या घडणीच्या कुऱ्हाडी लोहारांकडून नव्याने घडवून घेतल्या. मापं कुठून आली? रेमी फ्रोमाँ यांनी एका सहकाऱ्यासोबत २०१४मध्ये तो सांगाडा लाकूड न् लाकूड मोजून कागदावर उतरवला होता. अमेरिकेतले कलेतिहासाचे प्राध्यापक अँड्र्यू टॅलन यांनी त्याआधी लेझरच्या साहाय्याने सगळ्या वास्तूची मोजणी केली होती. आग पाहायला टॅलन हयात नव्हते. आधीच्या वर्षीच ते वारले. त्यांचं काम मात्र प्रत्येक बैठकीत उपयोगी पडलं.

शिखराचा पायथा लॉरेन प्रांतातल्या कार्यशाळेत आधी जमिनीवर जोडून पाहिला गेला. सांधे बसतात याची खात्री झाली, मग सुटा करून २०२३च्या वसंतात पॅरिसला आणून वर चढवला. त्या डिसेंबरात शिखरावर क्रूस आणि सोनेरी कोंबडा बसला. कोंबड्याच्या पोटात पवित्र अवशेषांसोबत एक यादी ठेवली आहे: या कामात हात लागलेल्या सुमारे २,००० माणसांच्या नावांची. जनरल जॉर्जलँ यांना ते पाहता आलं नाही. ऑगस्ट २०२३मध्ये डोंगरात पदभ्रमण करताना अपघातात त्यांचं निधन झालं. त्यांचे सहायक फिलिप जोस्त यांनी सूत्रं हाती घेतली आणि काम चालूच राहिलं. प्रमुख अकस्मात जातो आणि वेळापत्रक ढळत नाही, याहून चांगली पावती कुठल्या संघटनेला मिळू शकेल?

आवाज हाही वारसा

आता या गोष्टीतल्या सर्वात कमी सांगितल्या गेलेल्या भागाकडे येतो. जळालेलं लाकूड दिसतं, फुटलेला दगड दिसतो. आवाज दिसत नाही. पण नोत्र दाम ही युरोपीय संगीताच्या इतिहासातली एक मोठी वास्तू आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत लेओनँ आणि पेरोतँ या संगीतकारांच्या नावांशी जोडलेलं बहुस्वरी गायन इथे बहरलं. एक स्वर हवेत रेंगाळत असताना दुसरा त्यावर चढवायचा, ही रचना ज्या दगडी दालनात घुमली त्या दालनाचाही त्या संगीतावर काही हक्क आहे.

सुदैवाने हा घुमारा मोजलेला होता. ध्वनिशास्त्रज्ञ ब्रायन काट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आगीच्या आधी काही वर्षे कॅथेड्रलमध्ये मोजमापं घेतली होती, १९८७ सालच्या जुन्या नोंदीही हाती लागल्या होत्या. त्यावरून संगणकात नोत्र दामची ध्वनिप्रतिकृती तयार होती. आगीनंतर फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राने आणि संस्कृती मंत्रालयाने लाकूड, धातू, दगड, काच असे जे अभ्यासगट नेमले, त्यांत ध्वनीचा एक स्वतंत्र गट होता. जळक्या वास्तूत पुन्हा मोजणी झाली तेव्हा प्रतिध्वनी रेंगाळण्याचा काळ सुमारे २० टक्क्यांनी घटलेला आढळला. छतातल्या भगदाडांतून दगडांबरोबर आवाजही निघून गेला होता.

या प्रतिकृतीचा उपयोग आठवणींपुरता नव्हता. कुठल्याही बदलाने इथला आवाज कसा बदलेल, हे प्रत्यक्ष काम करण्याआधी अशा प्रतिकृतीवर ऐकून पाहता येतं. दगड धुतल्यावर काय होईल? फरशीवर गालिचा घातला तर? खुर्च्यांच्या जागी बाक आले तर? पाथरवटाचा आणि सुताराचा निर्णय ध्वनिशास्त्रज्ञाच्या कानावर पडण्याची ही सोय होती. सुमारे ४२,००० चौरस मीटर आतले दगडी पृष्ठभाग स्वच्छ करायचे होते. त्यांच्यावर रबरासारखा लेप लावून, वाळल्यावर तो सोलून काढला, की शतकांची काजळी आणि शिशाची धूळ त्याच्याबरोबर निघून येई. हे काम दिव्यांच्या, ध्वनीच्या आणि ऑर्गनच्या लोकांआधी संपणं आवश्यक होतं, नाहीतर सगळ्यांचं काम पुन्हा धुळीने माखलं असतं.

वास्तूच्या आतल्या शब्दाचा प्रश्न संगीताच्या नेमका उलट आहे. लांबच लांब घुमारा ऑर्गनला हवा असतो, पण तोच बोललेल्या शब्दाचा शत्रू. नोत्र दाम १२८ मीटर लांब आहे. आवाजाला या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी लागतो. पुढच्या वेदीपासचा आणि मागच्या खांबावरचा ध्वनिक्षेपक एकाच क्षणी बोलले, तर मागे बसलेल्याला एकच वाक्य दोनदा ऐकू येतं. म्हणून अशा वास्तूत ध्वनिक्षेपक लहान, अरुंद आणि बरेच लागतात. प्रत्येकाचा आवाज दालनातल्या अंतराच्या हिशेबाने किंचित उशिरा सोडायचा आणि तो छताकडे न जाता माणसांच्या कानांकडे वळवायचा. हा हिशेब बसवायचा तर ध्वनिक्षेपक कुठल्या खांबावर, किती उंचीवर, वायर कुठून, हे वास्तुविशारद, वारसाविभाग आणि धर्मप्रांत या तिघांनी एकत्र बसून ठरवावं लागतं. नव्या दिव्यांचंही तसंच. प्रकाशयोजनाकार पात्रिक रिमू यांच्या रचनेत प्रकाश मंद-प्रखर करता येतो. रोजची मिस्सा, मैफल, पर्यटकांची वर्दळ या प्रत्येकासाठी वेगळा प्रकाश.

धर्मप्रांताच्या आतल्या मांडणीवरही वादळ उठलं होतं. येणाऱ्या पर्यटकालाही ही जागा कशासाठी आहे ते उमगावं, म्हणून फिरण्याच्या मार्गाला नवा क्रम, नवे दिवे आणि उपवेदींच्या भिंतींवर प्रकाशातून उमटणारी धर्मवचनं, अशी कल्पना २०२१मध्ये पुढे आली. अनेक विचारवंतांनी जाहीर पत्र लिहून तिला विरोध केला. राष्ट्रीय आयोगाने डिसेंबर २०२१मध्ये आराखड्याला मुख्यतः संमती दिली आणि काही मुद्दे पुन्हा अभ्यासायला सांगितले. पुढे गियोम बार्दे यांची कांस्याची वेदी, वाचनपीठ, बाप्तिस्मा कुंड आणि इओना व्होत्रँ यांच्या ओकच्या १,५०० खुर्च्या या मांडणीत आल्या. सगळ्या वादांचा निकाल मात्र लागलेला नाही. काही उपवेदींच्या खिडक्यांत आजच्या काळातल्या रंगीत काचा बसवाव्यात की एकोणिसाव्या शतकातल्याच राहाव्यात, यावर अजूनही फ्रान्समध्ये हिरिरीने बोललं जातं.

दिवसा हातोडी, रात्री स्वर

मोठा ऑर्गन आगीत जळाला नाही, पाण्यानेही फारसा भिजला नाही. पण त्याच्या जवळपास ८,००० नळ्यांवर शिशाची धूळ बसली होती. १८६८ साली आरिस्तिद काव्हाये-कॉल यांनी नव्या रूपात घडवलेलं हे वाद्य २०२० सालच्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत सुटं करून उतरवलं. नळ्या पॅरिसपासून दूरच्या कार्यशाळांत जाऊन स्वच्छ झाल्या, २०२३मध्ये परत येऊन जागेवर बसल्या. मग उरलं सर्वात नाजूक काम: प्रत्येक नळीचा स्वर या दालनात, इथल्या हवेत, कानाने जुळवणं.

त्यासाठी शांतता हवी. आणि २०२४चं वर्ष म्हणजे तर अखेरची धावपळ. फरशी बसतेय, परांच्या उतरताहेत, वायरी ओढल्या जाताहेत, दिवसाला शेकडो माणसं. त्यावर उपाय एकच होता. दिवस कारागिरांचा, रात्र ऑर्गनच्या माणसांची. दिवसभराचा आवाज थांबला की ते येत, एक जण कळफलकावर, दुसरा नळ्यांच्या गर्दीत उभा. महिनोन्महिने रात्रीमागून रात्र हे चाललं. ऑर्गनच्या कारागिरांसाठी सुतारांनी दिवस कमी केला नाही आणि सुतारांसाठी ऑर्गनवाल्यांनी स्वरांत तडजोड केली नाही. रात्रपाळीचा त्रास कोणालातरी सोसावा लागणारच होता. तो आधी ठरवून, वाटून घेतला गेला.

घंटांचंही असंच. उत्तरेच्या मनोऱ्यातल्या आठ घंटा दुरुस्तीसाठी नॉर्मंडीतल्या ओतशाळेत गेल्या, २०२४च्या सप्टेंबरात परतल्या आणि ८ नोव्हेंबरला आगीनंतर पहिल्यांदा एकत्र वाजल्या. माळ्यावर आता आग दिसताच बारीक पाण्याचं धुकं फवारणारी यंत्रणा आहे, उष्णता टिपणारे कॅमेरे आहेत, शिखर आणि दोन्ही बाजूंच्या छतांमध्ये आग अडवणाऱ्या भिंती आहेत. २०१९च्या त्या हरवलेल्या अर्ध्या तासाला दिलेलं हे उत्तर आहे.

७ डिसेंबर २०२४च्या उद्घाटनाने सगळ्यांची शेवटची परीक्षा घेतली. जगभर थेट प्रक्षेपण, देशोदेशीचे राष्ट्रप्रमुख, बाहेरच्या चौकात मोठी मैफल अशी आखणी होती. ऐन वेळी ‘दाराघ’ नावाचं वादळ पश्चिम युरोपावर आलं. मैफल आदल्या संध्याकाळीच चित्रित करून ठेवली गेली. चौकात होणारं राष्ट्राध्यक्षांचं भाषण आत हलवलं. म्हणजे उपासनेसाठी जुळवलेला प्रकाश आणि ध्वनी काही तासांत राजकीय समारंभासाठी आणि दूरचित्रवाणीसाठी वळवायचे आणि त्याच रात्री पुन्हा प्रार्थनेकडे आणायचे. आर्चबिशप लॉराँ उलरिक यांनी जुन्या छताच्या वाचलेल्या लाकडातून घडवलेल्या दंडाने दारावर आघात केले, दार उघडलं. अग्निशमन दलाचे जवान आणि कारागीर आत आले तेव्हा सारं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. मग आर्चबिशपांनी ऑर्गनला जागं होण्याची आज्ञा केली आणि प्रत्येक आज्ञेला ऑर्गनने उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी नव्या वेदीचा अभिषेक आणि पहिली मिस्सा झाली.

पैसा आणि वेळ यांच्यापलीकडे

१५० देशांतल्या ३,४०,००० दात्यांनी सुमारे ८४६ दशलक्ष युरो दिले. एवढा पैसा आणि राष्ट्राध्यक्षांचा एवढा आग्रह असला तर काय अवघड, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. पैशाने लाकूड लवकर येतं, पण पुरातत्त्वज्ञ आणि परांचीवाले एकाच चौकात भांडले तर ते पैसा सोडवत नाही. आग्रहाने सह्या लवकर होतात, पण ऑर्गनला लागणारी शांतता आग्रहाने निर्माण होत नाही. ती कोणीतरी वेळापत्रकात लिहून ठेवावी लागते.

आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की उत्साहाला तोटा नसतो. वर्गणी जमते, हात पुढे येतात. गावच्या देवळाचा सभामंडप असो की वसईच्या एखाद्या जुन्या चर्चचं दालन, काम बहुतेकदा प्रेमानेच होतं. पण कोरीव खांब आधी घासून गुळगुळीत होतो आणि कोरीवकाम होतं हे नंतर आठवतं. गिलावा पूर्ण झाल्यावर वायरमन येतो आणि ताज्या भिंतीला भोकं पाडतो. कर्णा बसवणाऱ्याला विचारलं जातं ते सगळ्यात शेवटी आणि मग सणाच्या दिवशी मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईला एक शब्द कळत नाही. यात वाईट हेतू कोणाचाही नसतो. पहिल्या बैठकीत कोणाकोणाला बोलवायचं, एवढाच विचार राहून जातो.

नोत्र दामची ऐपत आपल्या गावाकडे नसते, पण तिथल्या कामाचा क्रम उचलायला पैसा लागत नाही. दगडाला हात लावण्याआधी मोजणी आणि छायाचित्रं घ्यावीत, कारण आग लागल्यावर किंवा भिंत पडल्यावर तीच एक साक्ष उरते. वादाचा मूळ प्रश्न सुरुवातीलाच, सगळ्यांसमोर, अभ्यास ठेवून सोडवावा आणि मग पुन्हा उघडू नये. गवंडी, सुतार, वायरमन, ध्वनिक्षेपक बसवणारा आणि ज्यांना तिथे रोज प्रार्थना करायची आहे ती माणसं पहिल्याच दिवशी एका सतरंजीवर बसावीत. आणि कोणाच्या कामासाठी कोण थांबणार हे ठरवायचा अधिकार एका शहाण्या माणसाकडे द्यावा, ज्याचं सगळे ऐकतील. थांबणाऱ्याचं काम कमी मोलाचं नसतं, हे त्या माणसाने पुनःपुन्हा सांगावं. नोत्र दामच्या कोंबड्यात ठेवलेल्या यादीत नावं आहेत ती या कामात हात लागलेल्या सगळ्यांची. हा समान मान आधीपासून असेल, तर थांबायला कोणालाच कमीपणा वाटत नाही आणि काम वेळेत होतं.